निस्तार

माउली, ‘निस्तार’ हा शब्द आपण कीर्तनात किती वेळा ऐकला असेल! भवसागरातून पार पडणे, संकटातून सुटणे, उद्धार होणे म्हणजे निस्तार. पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हाच शब्द तलाठ्याच्या दप्तरातही भेटतो. गावोगावी ‘निस्तार पत्रक’ नावाचा कागद असतो. सरपण कुठून आणावे, गुरे कुठे चारावी, अंत्यसंस्कार कुठे करावे, पाणवठा कोणी कसा वापरावा, हे त्यात लिहिलेले असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली, तिच्यातही निस्तार पत्रकाला जागा आहे. रोजच्या जगण्याला जे लागते ते गावाने मिळून वापरण्याचा हक्क, असा या दप्तरी निस्ताराचा अर्थ.

शब्द एकच. देवळात तो परमार्थाचा आणि चावडीत पाणवठ्याचा. या दोन निस्तारांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे आज आमच्या भागातल्या तलावांच्या निमित्ताने पाहू या. पाणी पिण्याचे, पाणी शेतीचे आणि पाणी आनंदाचे, अशी पाण्याची तीन नाती आहेत. ती पूर्वी एकत्र नांदत होती. आज ती वेगळी झाली आहेत, आणि त्याची किंमत आपण मोजतो आहोत.

पोंभुर्णा हे आमच्या जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पूर्वी हा मुलूख गोंडपिपरी तालुक्यात मोडत असे. ताडोब्याच्या जंगलातून निघालेली अंधारी नदी याच भागातून वाहत जाऊन वैनगंगेला मिळते, आणि वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. दोन नद्या आणि भोवती दाट जंगल. परक्या माणसाला वाटेल, इथे पाण्याची काय वाण! पण इथला शेतकरी जाणतो, की पाऊस चार महिने धो धो पडतो आणि उताराने निघून जातो. धानाला मात्र पाणी नेमक्या वेळी लागते. भाद्रपदात पावसाने आठ-पंधरा दिवस ताण दिला, की लोंबीत दाणा भरत नाही. म्हणून या झाडीपट्टीत माणसाने शेताबरोबर तलाव जन्माला घातला. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागी मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा आणि खाली धानाच्या बांध्या पाडायच्या. लहान असेल तर ती बोडी, मोठा असेल तर तो तलाव.

तलाव फक्त शेतापुरता कधीच नव्हता. पाळीच्या खालच्या अंगाला विहीर खोदली की तलावाचे पाणी मातीतून पाझरत, गाळत तिच्यात उतरते. तलाव भरला की विहीर भरते. गावाच्या पिण्याच्या पाण्याची सोय अशी होत असे. तलावात ढिवर बांधवांचे जाळे पडे. काठाला शिंगाडा आणि कमळ. पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला सारा गाव तलावावर. कार्तिक महिन्यात काकड्याच्या आधी आयाबायांचे स्नान तिथेच, भुलाबाईचा निरोप तिथेच, आणि उन्हाळ्याच्या दुपारी पोरांच्या उड्याही तिथेच. याला कोणी ‘पर्यटन’ म्हटले नाही. हा निस्तारच होता. पिणे, पिकवणे आणि रमणे, तिन्ही एका पाण्यात.

आता हे तलाव आले कुठून, ते पाहू. याचा इतिहास गोंड राजांपाशी जातो. चंद्रपूर शहराच्या स्थापनेची आख्यायिका आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. बल्लारपूरला राजधानी होती. राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. त्याचे ‘खांडक्या’ हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. शिकारीला गेला असता त्याला तहान लागली. झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात थोडे पाणी दिसले. राजा ते प्याला, त्याने हातपाय-तोंड धुतले, आणि कित्येक दिवसांत आली नव्हती अशी गाढ झोप त्याला लागली. सकाळी राणीने पाहिले तर अंगावरच्या गाठी ओसरू लागल्या होत्या. राणीच्या आग्रहावरून पुन्हा तिथे जाऊन शोध घेतला, तेव्हा खडकात कधी न आटणारे पाणी सापडले. तेच आजचे अचलेश्वराचे स्थान. त्याच्या आसऱ्याने पुढे नगर उभे राहिले.

आख्यायिकेचा काटेकोर पुरावा मागायचा नसतो. पण लोकांनी आपल्या राजधानीचा जन्म लढाईतून किंवा खजिन्यातून सांगितला नाही. तो ओंजळभर निर्मळ पाण्यातून सांगितला. हे मनात ठेवण्यासारखे आहे.

याच वंशातला हीरशहा तलावांच्या बाबतीत नाव राखून गेला. जंगल तोडून शेत करणाऱ्याला जमीन आणि तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाच्या पाण्याखाली येईल तेवढी जमीन, असे त्याचे धोरण असल्याचे जुन्या नोंदी सांगतात. तलावाबद्दल मिळालेल्या अशा जमिनीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरात आज तुकूम नावाची मोठी वस्ती आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपल्या पत्त्यातला हा शब्द तलाव बांधणाऱ्याच्या सन्मानाचा आहे? राजाने खजिन्यातून पैसे दिले नाहीत. पाणी अडव, आणि ते पाणी जेवढे पिकवील तेवढे तुझे, असे सांगितले. जितका तलाव नीट राखशील, तितकी तुझी जमीन ओली. हक्क आणि कर्तव्य अशी एका दोरीत बांधली होती.

चंद्रपूरच्या परकोटालगतचा रामाळा तलाव याच गोंड काळातला. त्याचे पाणी मातीच्या नळांनी शहरात खेळवले होते, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये मिळते. म्हणजे आज आपण ज्याला पाणीपुरवठ्याचा जलाशय म्हणतो, तसा रामाळा होता. चंद्रपूरजवळच्या जंगलातला जुनोना तलावही गोंड राजांचा. तिथे राजघराण्याच्या विसाव्याची जागा होती, असे मानतात. तहान भागवणारे पाणी आणि मन निववणारे पाणी वेगळे काढायची गरज त्या काळी कोणाला वाटली नाही. जिथे राजा विसावतो आणि जिथून रयत पाणी भरते, ते पाणी एकच असले की ते घाण करण्याची छाती कोणाची होणार?

१७५१ मध्ये गोंडांचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि पुढे शंभर वर्षांनी इंग्रजांकडे. इंग्रजांनी मालगुजारी पद्धत आणली. गावाचा सारा गोळा करणारा मालगुजार गावाचा मालक ठरला आणि तलावही त्याचे झाले. ही पद्धत न्यायाची होती असे कोणी म्हणणार नाही. वेठबिगारीने राबलेल्या हातांचा घाम त्या पाळींत मुरला आहे. तरीही एक गोष्ट खरी होती. पाळीला भगदाड पडले तर कोणाच्या दारात जायचे, हे गावाला ठाऊक होते. उन्हाळ्यात गाळ काढायला गाव उतरत असे, आणि पाणी कोणत्या बांधीला आधी, हे चावडीवर ठरत असे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ते योग्यच झाले. तलाव सरकारकडे आले आणि त्यांना नाव मिळाले ‘माजी मालगुजारी तलाव’. बोलता बोलता त्याचे ‘मामा तलाव’ झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मामा हा शब्द किती जिव्हाळ्याचा! पण आईच्या भावाचे जे झाले तेच या मामाचे झाले. नाते सर्वांनी सांगायचे आणि म्हातारपणी सांभाळायला कोणी जायचे नाही. मालक गेला, पण गाव मालक झाले नाही. पाळीवर बेशरम माजली, पोटात गाळ साचला, काठावर अतिक्रमण आले. निस्ताराचा हक्क कागदावर राहिला, पण त्याच्यासोबत चालणारी निगा कोणाच्याच वाट्याला आली नाही.

मधल्या काळात मोठे जलाशय उभे राहिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने संरक्षक कामांचा आग्रह धरला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आमच्या जिल्ह्यात नागभीडकडे घोडाझरी आणि सावली तालुक्यात पाथरीजवळ असोलामेंढा हे मोठे तलाव झाले. असोलामेंढा १९१८ मध्ये पूर्ण झाला. शंभर वर्षे ओलांडून तो अजून धान पिकवतो आहे. आता गोसेखुर्द धरणाच्या उजव्या कालव्याने वैनगंगेचे पाणी त्यात आणले आहे. सावली, मूल, पोंभुर्णा या बाजूच्या शेतांना त्याची आस आहे.

१९८० च्या दशकात चंद्रपूरजवळ इरई नदीवरचे धरण कामास आले. औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. त्या केंद्राला आणि चंद्रपूर शहराला हेच धरण पाणी देते. २०१० च्या उन्हाळ्यात इरईचे पाणी इतके खाली गेले, की विजेचे संच बंद ठेवण्याची वेळ आली. मुंबई-पुण्यात दिवा लागतो तेव्हा त्यात आमच्या इरईच्या पाण्याचा वाटा असतो, हे तिकडच्या माउलींनीही मनात ठेवावे.

या मोठ्या जलाशयांनी पुष्कळ दिले. पण त्यांनी पाण्याची तीन नाती तोडली. पिण्याचे पाणी नळाला गेले, शेतीचे पाणी कालव्याला गेले, आणि आनंदाचे पाणी रविवारच्या सहलीला गेले. जो असोलामेंढ्याच्या सांडव्यावर पावसाळ्यात भिजायला येतो, त्याची बांधी त्या पाण्याखाली नसते. जो इरईचे पाणी पितो, त्याने धरण क्वचितच पाहिलेले असते. आपल्या ताटातले आणि आपल्या तांब्यातले नाही, असे ज्याला वाटते, तो त्या पाण्याशी परक्यासारखा वागतो. सांडव्याखाली फुटलेल्या बाटल्या, खर्ऱ्याच्या पन्न्या आणि थर्माकोलच्या पत्रावळी पाहिल्या की हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि तोटा नुसत्या घाणीचा नाही. २०२५ च्या मार्च महिन्यात, धुळवडीच्या पाठोपाठ, घोडाझरी तलावात सहलीला गेलेले पाच तरुण बुडून गेले. ज्या घरांत आदल्या दिवशी रंग होता, तिथे आक्रोश उठला. गावच्या तलावात पोहणाऱ्या पोराला माहीत असते, की पायरी कुठे संपते, गाळ कुठे आहे, झाडाचा बुंधा कुठे बुडालेला आहे. ते त्याला आजोबांनी सांगितलेले असते. अनोळखी पाण्याला असा आजोबा नसतो. पाण्याशी ओळख तुटली की पाणी आपल्याला सांभाळत नाही, हे त्या पाच घरांनी फार मोठी किंमत देऊन जाणले. त्यांच्या दुःखापुढे मान खाली घालू या, पण त्यातून शिकायलाही हवे.

माउली, इथे कोणी म्हणेल, मग पाण्यावर मौज करायला जाऊच नये. वारकरी असे म्हणणार नाही. आपला पंथ आनंदाला भिणारा नाही. वारीत आपण फुगडी घालतो, रिंगणात धावतो, चंद्रभागेत मुलांसारखे डुंबतो. आणि सप्ताहाची सांगता उपवासाने होत नाही, काल्याने होते. देव खेळला, म्हणून आपण खेळतो. प्रश्न एवढाच, की देव पाण्याशी कसा खेळला?

भागवताच्या दशम स्कंधात कालियाची कथा आहे. उन्हाने तहानलेल्या गाई आणि गोपाळ यमुनेचे पाणी प्याले आणि निपचित पडले. डोहात विष होते. मग कान्होबाने कदंबावरून उडी घेतली. आपल्याकडचे कीर्तनकार त्यात चेंडूफळीचा प्रसंग घालतात. चेंडू डोहात गेला, तो आणायला देव गेला. खेळाच्या निमित्ताने देव पाण्यात उतरला आणि पाणी पिण्याजोगे करून बाहेर आला. ज्या पाण्यावर खेळायचे ते आधी गाईला पाजण्याजोगे करायचे, हा या कथेतला नियम आहे.

या कथेत आणखी एक खूण आहे. देवाने कालियाला मारले नाही. बायकामुलांसह तू इथून निघ, समुद्रात रमणक द्वीपावर जाऊन राहा, असे सांगितले. विषालाही त्याची जागा आहे. ती लोकांच्या पिण्याच्या पाण्यात नाही. आज आमचे कालिये कोणते? ज्या झरपटेच्या पाण्याने राजाची व्याधी गेली असे आपण सांगतो, तिच्यात आज शहराचे सांडपाणी आहे, आणि चैत्रात महाकालीच्या यात्रेला आलेला भाविक तिच्या काठी उभा राहून स्नानाचा विचार करतो. रामाळ्यात सांडपाणी उतरले आणि जलपर्णीने तलाव झाकला. गोसेखुर्दच्या जलाशयात नागपूरचे मैले पाणी नाग नदीतून, पुढे कन्हानमधून येऊन मिसळते. सांडपाणी उद्या संपणार नाही. माणसे आहेत तोवर ते असणार. पण त्याला त्याची जागा द्या, स्वच्छ करून मग सोडा, एवढेच कान्होबाचे मागणे आहे.

हे मागणे करणारी माणसे आमच्यात आहेत. २०२१ मध्ये चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे रामाळ्यासाठी अन्नत्यागाला बसले. त्यानंतर तलाव रिकामा करून गाळ काढण्याचे काम झाले. भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजाच्या बायकांनी मामा तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि मासे व पाखरे परतली. या बायकांनी तलावाची वाट पाहिली नाही, त्या गाळात उतरल्या.

आपल्या परंपरेत असे गाळात उतरणे नवे नाही. गाडगेबाबा पंढरीला जात तेव्हा हातात खराटा असे. दिवसा चंद्रभागेचा काठ झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. विदर्भात पूर्णेच्या काठी ऋणमोचनाच्या जत्रेत चिखलाने घसरणाऱ्या भाविकांचे हाल त्यांनी पाहिले आणि तिथे घाट बांधला. आमच्या जिल्ह्यातल्या चिमूरच्या परिसरात साधना केलेल्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावसफाईला भजनाइतकेच मानाचे स्थान दिले. या थोरांनी आनंद नाकारला नाही. आनंदाची जागा आधी झाडून घेतली.

आषाढीला उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात, म्हणून चंद्रभागेत आपले स्नान होते. म्हणजे आपले तीर्थही एका जलाशयाच्या भरवशावर उभे आहे, आणि त्या पाण्यावर सोलापूरच्या शेतकऱ्याचा, तहानलेल्या गावांचाही हक्क आहे. आपण बुडी मारतो तेव्हा कोणाच्या तरी वाट्याचे पाणी अंगावर घेतो. ते जाणून घेतले, तर काठावर निर्माल्याची पिशवी टाकताना हात आपोआप थांबेल.

मग करायचे काय? थोडेच, पण नेमाने. आपल्या गावी सप्ताह बसतो, तेव्हा काल्याच्या आदल्या दिवशी टाळकरी मंडळींनी सकाळचे दोन तास तलावाच्या पाळीला द्यावेत. पंगतीच्या पत्रावळी पळसाच्या असाव्यात, आणि त्या पाळीवर नव्हे तर खताच्या खड्ड्यात जाव्यात. उन्हाळ्यात गाळ निघत असेल तर तो शेतकऱ्यांनी उचलून न्यावा. तलावाचे पोट आणि शेताचे पोट दोन्ही भरते. ग्रामसभेत एकदा निस्तार पत्रक वाचायला मागावे. आपला हक्क काय लिहिला आहे, ते सर्वांनी ऐकावे. सहलीला जलाशयावर जाल, तेव्हा स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये, आणि मुलांबरोबर पोहता येणारे मोठे माणूस काठावर उभे असावे. पोंभुर्ण्याच्या माणसाने असोलामेंढ्याला जाऊन नुसता फोटो काढू नये. या पाण्याने माझ्या भागातले धान पिकते, असे मुलाला सांगावे. शहरातल्या माउलीने वर्षातून एकदा तरी आपल्या नळाचे मूळ पाहून यावे. तीही एक वारीच.

दप्तरातला निस्तार म्हणजे पाण्यावरचा हक्क, आणि संतांचा निस्तार म्हणजे पैलतीर. पण पैलतीराला जायचे तर ऐलतीर सांभाळावा लागतो. ज्या गावाने आपला तलाव बुजवला, त्या गावाला कोणत्या पाण्यातून पार व्हायचे आहे? आणि ज्या गावाची पाळ धड आहे, विहीर गोड आहे, जिथे कार्तिकात बाया निर्धास्त स्नान करतात आणि उन्हाळ्यात पोरे ओळखीच्या पाण्यात उड्या मारतात, त्या गावाचा अर्धा निस्तार इथेच झाला आहे. उरलेला अर्धा नामाने होईल.

रामकृष्णहरी.